‘धीर धर’ म्हणण्याआधी

३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने एक निर्णय जाहीर केला. करोनाची दुसरी लाट शिगेला पोचली होती, देशात रोज साडेतीन लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते आणि खाटांइतकीच माणसांचीही टंचाई होती. बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएम झालेल्यांना ज्येष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी द्यावी, अंतिम परीक्षेची वाट पाहत थांबलेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही या कामाला घ्यावं, असं त्यात म्हटलं होतं. शंभर दिवसांची ड्युटी पुरी करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळणार होतं. लस आणि विम्याचीही तरतूद होती. त्या शंभर दिवसांनंतर मुलीला झोप कशी लागेल, हा प्रश्न मात्र अशा आदेशात मावत नाही. तो मागे उरतो आणि बहुतेक वेळा तिच्या एकटीच्या वाट्याला येतो.

ही मुलगी कोण? पुणे–सोलापूर महामार्गावरचं वरवंड घ्या, नाहीतर दौंड-शिरूर भागातलं कुठलंही गाव घ्या. ऊस, गुऱ्हाळं, चार-दोन गाई, घरात बारावीपर्यंत शिकलेली बहुधा हीच पहिली. डॉक्टरकी परवडणारी नाही, डीएडचे दिवस सरले, म्हणून नर्सिंग. बारावीनंतर तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी केलं की नोकरी नक्की, हा घरचा हिशोब. वीस-एकवीस वर्षांची ही पोर शिकाऊ असतानाच साथीच्या तोंडावर उभी राहते. तिला सगळे एकच सल्ला देतात: धीर धर, खंबीर राहा.

संकटात टिकून राहण्याची ताकद आपण मुलीच्या स्वभावात शोधतो. ती खरं तर ड्युटीच्या तक्त्यात, वसतिगृहाच्या मेसमध्ये, इन्चार्ज सिस्टरच्या बोलण्यात आणि घरून येणाऱ्या फोनमध्ये शोधायला हवी. धीर हा बऱ्याच अंशी पुरवठ्याचा प्रश्न आहे, आणि तो पुरवठा कोणी, कधी आणि कसा करायचा, ते या प्रकरणात पाहू.

साथी नव्या नाहीत

मुंबईत १८९६च्या सप्टेंबरमध्ये प्लेगचं निदान झालं आणि काही महिन्यांतच तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. १२३ वर्षांनी करोनात आपण वापरला तो हाच कायदा. एप्रिल २०२०मध्ये त्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना कडक शिक्षा ठरवावी लागली.

त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याबाहेर दवाखाना चालवला. रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या त्यागापुढे आपण हात जोडतो. त्यातला दुसरा धडा वर्गात फारसा शिकवला जात नाही: सेवा करणाऱ्याला संरक्षण नसेल, तर साथ त्यालाही सोबत घेऊन जाते.

वरवंडच्या शेजारच्या केडगावची गोष्टही त्याच वर्षांतली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, तेव्हा पंडिता रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर हलवलं. तिथेच पुढे मुक्ती मिशन उभं राहिलं. रमाबाईंच्याच शारदा सदन या शाळेत शिकून तयार झालेल्या स्त्रिया तिथे शिक्षिका झाल्या, नव्या मुलींची देखरेख करू लागल्या. उपाशी, आजारी, घर गमावलेल्या मुलींना रमाबाईंनी आधी छप्पर, जेवण, ठरलेला दिनक्रम आणि लक्ष ठेवणारं जाणतं माणूस दिलं. उपदेश नंतर. मनाला सावरण्याच्या आजच्या शास्त्रातही क्रम हाच आहे.

तिसरं नाव दुसऱ्या रमाबाईंचं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९मध्ये पुणे सेवासदन सुरू केलं आणि विधवा, परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणासाठी धाडलं. विधवेने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, ही कल्पनाच त्या काळी अब्रह्मण्यम होती. समाजाची टीका सोसत शिकणाऱ्या या बायकांना राहायला वसतिगृह मिळालं, पाठीशी संस्था मिळाली. बाहेर कोणी काही बोललं, तरी संध्याकाळी परतायला आपलं माणूस असलेली जागा होती.

पुढे २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले करोनाचे पहिले दोन रुग्णही पुण्यातच सापडले आणि त्यांना नायडू रुग्णालयात ठेवलं गेलं. एप्रिल अखेरीस मुंबईचा बंदोबस्त करून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमुळे करोना दौंडला पोचला. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि आरोग्य पथकं पुन्हा घरोघरी फिरू लागली. या जिल्ह्यात आज नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या कारकिर्दीत निदान एक मोठी साथ येणार, हे गृहीत धरूनच तिला शिकवायला हवं.

ना स्टाफ, ना पाहुणी

शिकाऊ नर्सची वॉर्डातली जागा अवघडलेली असते. डॉक्टर तिला ‘सिस्टर’ म्हणतात, सिस्टर ‘स्टुडंट’ म्हणते, नातेवाईक तिच्याकडेच धावत येतात, आणि वॉर्डातल्या मावशींना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पगार नाही, अधिकार नाही. हजेरी, केस बुक आणि इंटर्नलचे गुण मात्र डोक्यावर. चूक झाली तर बोलणी पहिल्यांदा तिला, आणि काम चांगलं झालं तर नाव वॉर्डाचं.

करोनात यात आणखी एक भर पडली. २०२०मध्ये कॉलेजं बंद झाली, क्लिनिकल पोस्टिंग थांबलं आणि नर्सिंग मोबाइलच्या पडद्यावर आलं. रेंज मिळावी म्हणून शेताच्या बांधावर बसून लेक्चर ऐकणाऱ्या मुलीने सलाईन लावायचा सराव कशावर करायचा? शिरेत सुई घालण्याचं कसब हाताला यायचं असतं आणि ते ऑनलाइन येत नाही. मग एके दिवशी बोलावणं आलं आणि हात कच्चे असतानाच ती कोविड वॉर्डात उभी राहिली. तिच्या भीतीचा मोठा भाग विषाणूचा नव्हताच. ‘माझ्या हातून काही चुकलं तर?’ ही ती भीती होती.

पीपीई किट काढण्याचं उदाहरण बघा. किट घालण्यापेक्षा काढताना धोका जास्त, कारण बाहेरच्या बाजूला विषाणू चिकटलेला असू शकतो. सहा तास घामाने निथळत, पाणी न पिता, लघवीला न जाता काढलेले असतात. कधी एकदा हे अंगावेगळं करते असं झालेलं असतं. त्या घाईतही क्रम चुकवून चालत नाही. आधी बाहेरचे हातमोजे, मग गाऊन बाहेरची बाजू आत गुंडाळत, मग चष्मा, आणि मास्क सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ करायचे. जिने हे आरशासमोर, जोडीदारणीने मोठ्याने पायऱ्या वाचून दाखवत अनेकदा केलेलं आहे, तिचे हात थकल्यावरही आपसूक चालतात. जिला एक व्हिडिओ दाखवून आत सोडलं, ती रात्री अंथरुणात पडल्यावर आठवत राहते: चष्म्याला हात आधी लावला की नंतर? तो गाऊन अंगाला लागला का? घरी गेले तर आजीला होईल का? पहिलीला मिळालेलं प्रशिक्षण म्हणजेच मानसिक आरोग्याचा उपाय होता, फक्त त्याला तसं कोणी म्हटलं नाही.

मग पहिला मृत्यू. एरवी वॉर्डात मृतदेहाची अखेरची तयारी सीनियर सिस्टर शिकवते, नातेवाईक भोवती असतात, रडतात, आणि त्या रडण्यात शिकाऊ मुलीच्याही डोळ्यांतून पाणी आलं तर ते खपून जातं. कोविड वॉर्डात नातेवाईक बाहेर, देह पिशवीत, आणि शेवटचं बोलणं तिनेच धरलेल्या मोबाइलवर. घरच्या माणसांच्या दुःखाची एकमेव साक्षीदार ही शिकाऊ पोर. तासाभरात त्याच खाटेवर दुसरा रुग्ण येतो आणि तिला त्याचं सॅच्युरेशन लिहायचं असतं.

वॉर्डाबाहेरची तऱ्हा आणखी वेगळी. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशाने थाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या काही आठवड्यांत परिचारिकांना खोली रिकामी करायला सांगणारे घरमालक आणि ‘इतक्यात गावाकडे येऊ नको’ म्हणणारे गावकरी बातम्यांत दिसू लागले. एकीकडे ‘कोविड योद्धा’ म्हणून सत्कार, दुसरीकडे दारातही उभं न करणं. योद्धा म्हटलं की आणखी एक अडचण होते, योद्ध्याने घाबरायचं नसतं. नर्सिंगला येणाऱ्या मुलग्यांना, म्हणजे वॉर्डातल्या ‘ब्रदर’ना, हे ओझं दुप्पट. पुरुष आणि वर योद्धा, मग रडायची सोयच उरत नाही.

सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणून भागत नाही

मुलगी ‘टेन्शन आलंय’ म्हणते तेव्हा त्या शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, आणि चारींवर उपाय निरनिराळे आहेत.

पहिली, धोक्याची भीती. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. खऱ्या धोक्यापुढे शरीराने दिलेली ही योग्य प्रतिक्रिया आहे. पुरेसं किट, नीट सराव आणि खरी माहिती मिळाली की ती उतरते. नुसत्या समजावणीने उतरत नाही.

दुसरी, कामाने पिळून निघणं, ज्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली, आजार म्हणून नाही. त्याच्या तीन खुणा: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि ‘माझ्याने काहीच धड होत नाही’ असं वाटत राहणं. इथे रजा लागते, ड्युटीची फेररचना लागते. थकलेल्या मुलीला ‘सकारात्मक विचार’ या विषयावरच्या व्याख्यानाला बसवणं म्हणजे तिची उरलीसुरली झोपेची वेळही काढून घेणं.

तिसरी, दुसऱ्याच्या दुःखाची बाधा. रुग्णाचा चेहरा, मोबाइलवर ऐकलेली एखादी हाक डोळ्यांपुढून, कानांतून जात नाही. स्वप्नं पडतात, त्या खाटेकडे जायला पाय उचलत नाही. इथे विश्वासाचं, ऐकून घेणारं माणूस लागतं आणि काही आठवड्यांत उतार पडला नाही तर तज्ज्ञ लागतो.

चौथी सर्वांत कमी ओळखली जाणारी: नैतिक कोंडी. काय करणं योग्य ते कळतं, पण करता येत नाही. ऑक्सिजनची एकच जोडणी आणि गरजवंत दोघं. एकीकडे तहानलेल्या म्हाताऱ्याचं ‘बाळा, पाणी दे’, दुसरीकडे हातात आणखी तीन जणांची औषधं. अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४मध्ये नर्सिंगच्याच संदर्भात ही कोंडी मांडली. ही मुलगी घाबरलेली नसते, थकलेलीही नसते. ती स्वतःला दोषी धरत असते. अशा वेळी वरिष्ठांनी स्पष्ट सांगावं लागतं: हा निर्णय तुझा नव्हता, टंचाईने तो घेतला, आणि त्याची जबाबदारी आमची आहे. एवढं एक वाक्य न मिळाल्यामुळे वर्षानुवर्षं अपराधाचं ओझं वाहणारी माणसं असतात.

जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला मानसिक आरोग्य परिचर्या हा पूर्ण विषय आहे. मुली मनोरुग्णालयात पोस्टिंग करतात, रुग्णाशी झालेलं संभाषण शब्दशः लिहून काढतात, त्याच्या मनःस्थितीचं परीक्षण करायला शिकतात. हीच नजर स्वतःकडे आणि शेजारच्या पलंगावरच्या मैत्रिणीकडे वळवायला शिकवणारा एक तास त्याच वेळापत्रकात सहज बसू शकतो.

खाटेचा नंबर

इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषकाने लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाच्या नर्सिंग विभागाचा अभ्यास केला आणि १९५९–६०च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. तिथल्या शिकाऊ नर्सपैकी जवळपास एक तृतीयांश प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. मेंझिस यांना दिसलं ते असं: आजार, वेदना आणि मृत्यू यांच्या सततच्या सहवासातून येणारी चिंता टाळण्यासाठी रुग्णालयाने नकळत एक पद्धत बसवली होती. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या नंबराने आणि आजाराने करायचा. एका नर्सने एका रुग्णाची पूर्ण काळजी घ्यायची नाही, कामाचे तुकडे करून सगळ्यांना वाटायचे. शिकाऊ मुलींना या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवत राहायचं, म्हणजे कोणाचा लळा लागणार नाही. भावना दाखवणं म्हणजे शिस्तीचा भंग.

यातून चिंता गेली नाही, उलट रुग्ण बरा होण्यातून मिळणारं समाधानही गेलं. ज्या मुली माणसांसाठी म्हणून या पेशात आल्या होत्या, त्या निघून जाऊ लागल्या.

आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात ‘बारा नंबरचं सलाईन संपलं’ हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. घाईत ते स्वाभाविकही आहे. पण हँडओव्हरच्या वेळी बारा नंबरऐवजी ‘बारा नंबरच्या काकू, केडगावच्या, रात्री मुलाची आठवण काढत होत्या’ एवढं जरी सांगितलं, तरी पुढच्या पाळीच्या मुलीला रुग्ण माणूस म्हणून भेटतो. याला पैसे लागत नाहीत. इन्चार्ज सिस्टरने तशी पद्धत पाडली की शिकाऊ मुली आपोआप ती उचलतात. सीनियरचं वागणं हाच या पेशातला खरा अभ्यासक्रम.

पुरावा काय सांगतो

संकटातून माणसं सावरतात कशी, यावर हवाई बेटांपैकी काउआई बेटावर एक प्रदीर्घ अभ्यास झाला. १९५५मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली व्यसनं, भांडणं, आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, प्रेमळ प्रौढ झाली. त्यांच्यातला एक ठळक समान धागा असा, की निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस त्यांच्यामागे उभं होतं: आजी, मावशी, शिक्षिका, शेजारी, कोणीही.

२००३मध्ये टोरोंटोला सार्सची साथ आली. ती ओसरल्यावर एक-दोन वर्षांनी रॉबर्ट माँडर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी केली. सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांत ताण आणि बर्नआउट तेव्हाही जास्त आढळला. ज्यांना आपलं प्रशिक्षण आणि संस्थेचा आधार पुरेसा वाटला होता, त्यांचं मन तुलनेने कमी पोळलं होतं. साथ संपली म्हणजे मनावरचा भार संपला असं होत नाही, हे या अभ्यासाने दाखवलं. भार हलका करता येतो, हेही दाखवलं.

करोनाच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२मध्ये सांगितलं. तरुण आणि स्त्रिया यांना झळ जास्त बसली. नर्सिंगच्या वर्गात बहुतांश याच दोन गटांतली माणसं असतात.

काय टाळावं, हेही अभ्यासातून कळलं आहे. मोठ्या प्रसंगानंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय झालं ते सविस्तर सांगा, मन मोकळं करा’ असा आग्रह धरण्याची पद्धत एके काळी लोकप्रिय होती. तिचा फायदा होत नाही, काहींना अपायही होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती नको म्हणते. तिच्याऐवजी २०११मध्ये संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची साधी पद्धत मांडली: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला त्रास होतोय ते पाहायचं. सांगेल तेवढंच ऐकायचं, उकरून काढायचं नाही. आणि जेवण, झोप, घरचं माणूस, डॉक्टर यांपैकी जे हवं त्याच्याशी जोडून द्यायचं. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला हे शिकायला फार वेळ लागत नाही.

कॉलेजने करायची कामं

साथ येण्याआधी: किट घालण्या-काढण्याचा, ऑक्सिजन आणि मृतदेह हाताळण्याचा सराव प्रत्येक सत्रात करून घ्यावा. नवीन मुलीला वरच्या वर्गातली एक जोडीदारीण नेमून द्यावी, रॅगिंगविरोधी कागदावर सही घेण्याइतक्याच गांभीर्याने. पालकांची एक बैठक अशी घ्यावी, जिथे साथीत मुलींना कुठे ठेवणार, काय संरक्षण देणार, ते आधीच सांगितलं जाईल. नाहीतर गावातली अफवा आधी पोचते आणि वडील गाडी घेऊन दारात उभे राहतात.

साथ चालू असताना: शिकाऊ मुलीला एकटीला कधीच ठेवू नये. पाळीला निदान एक अनुभवी सिस्टर आणि एक ट्यूटर आवाक्यात असाव्यात. नाइट ड्युटी सलग किती दिवस, त्यानंतर सुट्टी किती, हे भिंतीवर लिहिलेलं असावं. मेसचं जेवण ड्युटीच्या वेळेनुसार गरम मिळावं. पाळीवरून येऊन थंड पोळी-भाजी चावणाऱ्या मुलीला आपली कोणालाच पडलेली नाही असं वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं? ज्याला दमा आहे, जी गरोदर आहे, ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झालाय, त्यांना गुण न कापता दुसरं काम द्यावं.

समुपदेशन ठेवायचंच असेल तर एक पथ्य पाळावं. इंटर्नलचे गुण देणाऱ्या मॅडमच समुपदेशक असतील, तर कुठलीही शहाणी मुलगी त्यांच्यापुढे खरं बोलणार नाही. समुपदेशक बाहेरचा असावा, आणि तिथलं बोलणं प्राचार्यांच्या टेबलावर जाणार नाही याची हमी असावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतोच, कॉलेजने फक्त तो पाळायचा.

साथ ओसरल्यावर: लगेच परीक्षेचा धडाका लावू नये. राहिलेलं क्लिनिकल भरून काढायला वेळ द्यावा, कारण ‘आम्ही कोविड बॅचच्या, आम्हाला काही येत नाही’ हा न्यूनगंड नोकरीतही पाठ सोडत नाही. तीन महिन्यांनी आणि वर्षाने प्रत्येकीची विचारपूस व्हावी. टोरोंटोचा धडा हाच आहे.

वरवंडचा मुक्काम

तुकाराम महाराजांची पालखी आषाढीला देहूहून पंढरपूरकडे जाताना यवतनंतर वरवंडला मुक्कामी असते. एका रात्रीत गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं उतरतात. पाणी, स्वच्छता, साप-विंचू, जुलाब, फुटलेल्या टाचा, रक्तदाब, चक्कर, गर्दीत हरवलेली म्हातारी माणसं, एका मोठ्या आरोग्य-संकटात जे जे येतं ते सगळं इथे लहान प्रमाणात आणि ठरल्या तारखेला येतं. वारीच्या वाटेवर आरोग्य विभागाची पथकं असतात आणि नर्सिंगचे विद्यार्थीही सेवेला येतात. २०२० आणि २०२१मध्ये पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वरवंडचा मुक्काम दोन वर्षं सुना गेला.

वारीतल्या या सेवेकडे कॉलेजं बहुधा एनएसएसचा उपक्रम म्हणून पाहतात: बॅनर, फोटो, प्रमाणपत्र. तिला रंगीत तालीम म्हणून वापरता येईल. जोड्या लावायच्या, पाळ्या आखायच्या, रुग्ण जास्त आणि हात कमी असताना कोणाला आधी पाहायचं ते ठरवायला शिकायचं. सकाळी पालखी पुढे गेली की पोहे-चहा घेत तासभर बसायचं: काय जमलं, कुठे गोंधळ उडाला, कोणाला काय लागलं मनाला. बोलायचं नसेल तिने नुसतं ऐकावं. ज्या मुलीने दुसऱ्या वर्षाला रात्रीच्या त्या गर्दीत ‘मला जमत नाहीये, जरा ये’ असं मैत्रिणीला मोकळेपणाने म्हटलंय, ती पुढे आयसीयूतही म्हणू शकेल. मदत मागणं हेही सरावाने येणारं कौशल्य आहे.

मैत्रिणीने, घरच्यांनी ओळखायच्या खुणा

झोप आणि जेवण सलग दोन आठवडे बिघडलेलं, ड्युटीला जायच्या विचारानेच पोटात गोळा, सतत चिडचिड किंवा एकदम गप्पगप्प, पूर्वी आवडणारं काहीच नको, औषधांच्या मात्रेत वारंवार चुका, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशी भाषा. शेवटची खूण दिसली तर थांबायचं नाही आणि तिला एकटं ठेवायचं नाही. नर्सिंगच्या मुलीच्या हाताशी औषधं असतात, हे विसरू नये. सरळ, हळू आवाजात विचारावं: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने ते विचार मनात पेरले जातात, हा गैरसमज आहे. विचारल्याने वाट मोकळी होते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं.

घरच्यांनी फोनवर ‘सोडून ये’ आणि ‘आता काय, पत्करलंय ना’ ही दोन्ही टोकं टाळावीत. ‘जेवलीस का, झोप झाली का, आज वॉर्डात कोण होतं सोबत?’ एवढं विचारावं, आणि ती बोलू लागली की मध्ये बोलू नये.

प्रवेशाच्या दिवशी विचारायचे प्रश्न

मुलीला नर्सिंगला घालताना आपण फी किती, हॉस्टेल आहे का, नोकरी लागते का, एवढं विचारून येतो. त्यात आणखी पाच प्रश्न घालावेत. साथ आली तर माझ्या मुलीसोबत पाळीला अनुभवी कोण असेल? किट काढायचा सराव वर्षातून किती वेळा होतो? सलग नाइट ड्युटी किती दिवस लावता? तिला त्रास झाला तर ती कोणाशी बोलेल, आणि ते माणूस तिला गुण देणारं तर नाही ना? मागच्या साथीत इथल्या मुलींना काय अनुभव आला, ते त्यांच्याच तोंडून ऐकता येईल का?

पहिल्यांदा कोणी हे विचारलं तर ऑफिसातला क्लार्क गोंधळून बघेल. त्याच आठवड्यात दहा पालकांनी विचारलं, तर प्राचार्यांना उत्तरं तयार ठेवावी लागतील, आणि उत्तरं तयार ठेवायची म्हणजे आधी व्यवस्था करावी लागेल. मग पुढच्या साथीत त्या मुलीला ‘धीर धर’ म्हणताना तो तिने कशाच्या आधारावर धरायचा, हेही आपल्याला सांगता येईल.